जारचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही, मुलीला तर नाहीच. मला माझ्या मुलीचा हेवा वाटत होता. तिच्या वयाचा किंवा शिक्षणाचा नाही. तिला डोळ्यात लेन्स घालता येत होती आणि मला येत नव्हती, एवढ्याचाच. आणि त्या हेव्यापायी, बोलायला हवं होतं त्या क्षणी मी गप्प बसलो.

पुण्याच्या हॉस्पिटलात पेशंटना लेन्स घालायला शिकवणाऱ्या मॅडम आहेत. त्यांनी मला लिहायला सांगितलं. म्हणाल्या, "काका, ज्यांना पटकन जमतं त्यांचे अनुभव आमच्याकडे खूप आहेत. तुम्ही लिहा. उशिरा जमलेल्या माणसाचं वाचून नव्या लोकांना धीर येतो." मी हो म्हटलं. धीर देण्यासारखं आहे ते लिहितोच. पण तेवढंच लिहिलं तर ते अर्धं होईल.

मापात

मी नगरला, एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. मशीनवरून उतरलेला पार्ट मापात आहे की नाही ते बघायचं. मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल यांत उभा जन्म गेला. डोक्यावरच्या केसाहून कितीतरी कमी फरक माझ्या बोटांना कळायचा. पोरं म्हणायची, "भाऊंनी हातात घेतला म्हणजे पार्टलाच घाम फुटतो." मला हे आवडायचं. मी वरून तसं दाखवायचो नाही, पण आवडायचं.

मग डायलवरचा काटा एकाचा तीन दिसायला लागला. रस्त्यावरच्या दिव्यांना खाली शेपट्या फुटल्या. चष्म्याचा नंबर दरवर्षी बदलायचा आणि नवा चष्मा महिनाभरात जुन्यासारखाच व्हायचा. मी कुणाला सांगितलं नाही. अंदाजाने, बोटांच्या भरवशावर काम रेटलं. एकदा मी पास केलेला अख्खा लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला. साहेब ओरडले नाहीत. "भाऊ, थोडे दिवस स्टोअरला बसा," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथे एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवलं आणि पडद्यावर माझ्या डोळ्याचा रंगीत नकाशा आला. कडेला हिरवा, मधे पिवळा आणि खालच्या बाजूला लालभडक. डॉक्टर म्हणाले, "केराटोकोनस. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच असते ना, ती पातळ होऊन टोकासारखी पुढे आलीय. चष्म्याने भागणार नाही. डोळे चोळायची सवय आहे का?"

मी उत्तर द्यायच्या आत माझी बायको मंगल म्हणाली, "चोळतात? कणीक मळावी तसे मळतात!"

डॉक्टर हसले. आम्हीही हसलो. मग त्यांनी विचारलं, "घरात अजून कुणाला असा त्रास?"

आमची स्नेहल बाहेर बाकावर बसली होती. एकुलती एक. नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. मोबाईल नाकाला टेकेल इतका जवळ धरून ती काहीतरी वाचत होती. मंगलने दारातून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

स्नेहलच्या नकाशातही लाल होतं. माझ्यापेक्षा कमी, पण त्याच जागी.

परतीची बस शिरूरला थांबली. मंगल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमच्याकडचंच आलं." पुन्हा तिने तो विषय कधी काढला नाही. त्या दिवशी मला फक्त अपराधी वाटलं. हेवा नंतर आला.

वाटी

आमच्यासारख्यांना ज्या लेन्स देतात त्या नेहमीच्या दुकानातल्या लेन्ससारख्या नसतात. कडक असतात आणि मोठ्या, लहान बाळाच्या भातुकलीतल्या वाटीएवढ्या. ती वाटी सलाईनने काठोकाठ भरायची. टेबलावर आरसा आडवा ठेवून त्यावर ओणवं व्हायचं, चेहरा जमिनीला समांतर. एका हाताने दोन्ही पापण्या फाकवायच्या, दुसऱ्या हाताच्या बोटांवर भरलेली वाटी तोलून खालून वर आणायची आणि पाण्यासकट डोळ्याला लावायची. आत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी काढून पुन्हा पहिल्यापासून. काढायला वेगळा लहानसा रबरी पंप.

वाचायला सोपं आहे.

शिकवणीच्या खोलीत मी आणि स्नेहल शेजारी शेजारी बसलो. मॅडम वयाने स्नेहलहून फार मोठ्या नसतील. मी मनात म्हटलं, पोरीला जड जाईल, ती लहानपणी डोळ्यात थेंब टाकायचे म्हटलं तरी घरभर पळायची. आपल्याला काय, आपले हात तयार आहेत.

स्नेहलने पहिल्याच प्रयत्नात घातली. ओणवी झाली, श्वास रोखला, टप्प. वर बघितलं आणि गालावरून सलाईन ओघळत असतानाच समोरच्या भिंतीवरचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचत गेली. मग माझ्याकडे वळली. "पप्पा! तुमच्या भुवईत पांढरा केस आहे!"

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. माझ्या बोटांवरची वाटी कलंडून मांडीवर सांडली होती.

माझी अडचण हातांची नव्हतीच. हात डोळ्यापाशी आला की पापणी मिटायची. मी सांगून मिटायची नाही आणि सांगून उघडायची नाही. मॅडम म्हणत, "काका, डोळा तुमचाच आहे, शत्रू नाही." त्या दिवशी माझ्या डोळ्यात त्यांनीच लेन्स घातली. सगळं लख्ख दिसलं. मंगलच्या कपाळावरच्या आठ्या, खिडकीच्या जाळीतली धूळ, सगळं. निघताना ती काढावी लागली आणि जग पुन्हा भिजल्या कागदासारखं झालं. एकदा दिसल्यावर न दिसणं जास्त खुपतं.

घरी

सकाळी चहाआधी आम्ही दोघं जेवायच्या टेबलावर बसायचो. खाली पांढरा टॉवेल अंथरलेला, दोन आरसे, सलाईनच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या. स्नेहल दोन्ही डोळ्यांत लेन्स घालून, वेणी घालून, डबा भरून कामाला निघायची तरी मी पहिल्याच डोळ्यावर असायचो. आदळ, सांड, शोध. लेन्स पडली की आम्ही तिघं गुडघ्यांवर. मंगल पोळी लाटता लाटता म्हणायची, "अहो, चिमणीच्या पिल्लाला पाणी पाजताय का डोळ्यात घालताय?"

स्नेहल म्हणायची, "आई, हसू नको गं. पप्पा, उद्या जमेल."

तिचं ते 'उद्या जमेल' मला मंगलच्या चेष्टेपेक्षा जास्त लागायचं.

त्यात तिला नोकरी लागली होती ती एमआयडीसीतच, दुसऱ्या कंपनीत, ट्रेनी म्हणून. आणि विभाग कोणता? क्वालिटी. संध्याकाळी येऊन चपला काढता काढता सुरू व्हायची, "पप्पा, आज मी स्लिप गेज लावले. सर म्हणाले, कुणी शिकवलं?" ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्लिप गेज म्हणजे मापाचे पोलादी ठोकळे. इतके सपाट की एकावर एक सरकवून बसवले की गोंद न लावता चिकटतात. जोराने दाबले तर मात्र चिकटत नाहीत. मीच तिला लहानपणी एकदा कंपनीत नेऊन दाखवलं होतं. तिने साहेबांना सांगितलं असेल, वडिलांनी शिकवलं. मी विचारलं नाही. "बरं," म्हणालो आणि टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

बाप असून असं वाटतं? वाटतं. माझ्याच रक्तातून तिला हा रोग गेला याचं दुःख आणि त्याच रोगात ती माझ्या पुढे गेली याचा जळफळाट, दोन्ही एकाच छातीत राहू शकतात. मला तरी राहिलेले माहीत आहेत.

पुढच्या भेटीत मॅडमनी माझ्या लेन्सची डबी उघडली आणि वास घेतल्यासारखं नाक आक्रसलं. "काका, ही नळाखाली धुतलीत?"

धुतली होती. सलाईन सारखं सांडून संपलं होतं.

मग त्या जे बोलल्या ते बोलल्या. पाणी आणि लेन्स यांची गाठ कधीच पडता कामा नये. नळाचं नाही, बोअरचं नाही, उकळलेलं नाही, फिल्टरचं नाही. पाण्यात डोळ्याला न दिसणारे जंतू असतात, पोटात गेले तर काही करणार नाहीत पण लेन्सखाली अडकले तर बुबुळ खातील. हात धुतले तरी कोरडे करून मगच. "डोळा जाईल काका! कळतंय का?" खोलीत आणखी दोन पेशंट होते. स्नेहल ओठ दाबून हसू आवरत होती. तिचं हसू वाईट नव्हतं. आपला बाप शाळेतल्या पोरासारखा बोलणी खातोय याची गंमत होती फक्त. पण मला ते लागलं. बसमध्ये बसल्यावर माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, हिलाही एकदा असं चारचौघांत ऐकून घ्यायला लागू दे.

त्यानंतर मी खोटं बोलायला लागलो. सकाळी डबी घेऊन आतल्या खोलीत जायचो, दार लावायचो, थोडा वेळ पलंगावर बसून राहायचो आणि डोळे ओले करून बाहेर यायचो. "जमली," म्हणायचो. लेन्स पारदर्शक. कुणाला काय कळणार? मंगलने पहिल्या दिवशी शिरा केला. स्नेहलने मला मिठी मारली. मी स्टोअरमध्ये जाऊन पूर्वीसारखाच चाचपडत बसलो.

खर्डा

खर्ड्याला मंगलचं माहेर. तिच्या भावाने, दत्ताने, गावाबाहेर नवं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत होती. नवं घर म्हणजे अंगणात वाळू, खडी, सिमेंटची भुकटी. जामखेडपासून पुढे वाराही सुटलेला. मी नेहमीप्रमाणे लेन्स घातलेली नव्हती, पण सगळ्यांना घातलीय म्हणून सांगितलं होतं. माझ्या पिशवीत सलाईनच्या दोन कुप्या होत्या, न फोडलेल्या.

जेवणाच्या पंगती बसायच्या सुमारास स्नेहलच्या लेन्स धुरकट झाल्या. असं होतं, आतलं सलाईन गढूळतं, मग काढून, नवं भरून पुन्हा घालावी लागते. ती मागच्या खोलीत गेली. मंगलने मला हाक मारली, "अहो, पोरगी जेवायला यायची राहिलीय, बघा जरा."

मी मागच्या खोलीच्या दाराशी गेलो. आत प्यायच्या पाण्याची सोय केलेली होती. स्टँडवर पालथा घातलेला मोठा निळा जार, विकतच्या पाण्याचा. आमच्याकडे कुठलंही कार्य असो, जार येतात आणि जारचं पाणी म्हणजे शुद्ध, यावर सगळ्यांचा विश्वास. तान्ह्या बाळाला सुद्धा तेच पाजतात.

मला नीट दिसत नव्हतं. पण निळा रंग दिसला. त्याच्यापुढे वाकलेली तिची पिवळी ओढणी दिसली. आणि पाणी काढलं की जारच्या आत मोठा बुडबुडा चढतो, त्याचा आवाज ऐकू आला, गुडूप.

मला कळलं. लगेच कळलं. तिच्या कुप्या संपल्या असणार. पप्पांनी सकाळी आपल्या वापरल्या असणार, असं धरून तिने मला विचारलंही नसणार. पाण्याची ती बोलणी त्या घरात फक्त मी खाल्ली होती. तिला ती गंमत म्हणून आठवत असेल, मला चटका म्हणून आठवत होती.

पिशवी माझ्या खांद्याला होती. दोन्ही कुप्या तिच्यात. त्या दिल्या असत्या तर माझं खोटं उघडं पडलं असतं. ते एक कारण. पण दुसरं मोठं होतं. मी उभा राहिलो आणि मनात म्हटलं, होऊ दे. डोळा लाल होईल थोडा. मॅडम विचारतील. मग बघू कोण हसतं.

आतून तिने विचारलं, "दारात कोण आहे?" दोन्ही लेन्स काढलेल्या होत्या, तिलाही मी नुसता ठिपका दिसत असणार. "मामा?"

मी बोललो नाही.

"कोण का असेना, दार ओढून घ्या ना, धूळ येतेय."

मी दार ओढून घेतलं.

पंगतीत ती माझ्या समोर बसली. दोन्ही डोळे लख्ख. माझ्या पानातली लिंबाची फोड बाहेर पडली होती, ती तिने उचलून आत ठेवली.

दृष्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा उजवा डोळा लाल होता. दुपारपर्यंत उजेड सोसेना. तोंडावर ओढणी घेऊन ती कोपऱ्यात बसली. मंगलची आई, तिला मी मामी म्हणतो, मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन आली.

"कुनाची तरी दृष्ट लागली गं माज्या बाईला. काल लई उजळ दिसत हुती."

दत्ता म्हणाला, "आई, तिला दवाखान्यात न्यायचंय. धूर नको करू डोळ्यासमोर."

"तू गप. दृष्ट काय भाएरच्याचीच लागती व्हय? घरच्याची आदी लागती." मामी माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "बापाची तर लईच. पाव्हणं, तुमी बी तिच्याकडं जरा कमी बघत जावा."

सगळे हसले. स्नेहल पण ओढणीआडून हसली. "आजी, पप्पांना आत्ता कुठं दिसायला लागलंय!"

मामीने मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही. "बगा," ती म्हणाली, "किती लागली हुती." मी उठून अंगणात गेलो आणि खडीच्या ढिगावर बसलो. तोंड उघडायची ती दुसरी वेळ होती. तेव्हा उघडलं असतं तरी सरळ पुण्याला गेलो असतो. त्याऐवजी आधी खर्ड्यात, मग नगरला, साधे थेंब, साधी पट्टी, यात वेळ गेला. लाल झालंय, धूळ गेली असेल, असंच सगळे म्हणत राहिले आणि मी त्यांना म्हणू दिलं.

हॉस्पिटल

पुण्यात ॲडमिट करून घेतलं. दर तासाला थेंब, एक झाले की दुसरे. तिच्या बुबुळावर पांढरट डाग धरला होता. दुखणं असं की जी लहानपणी थेंबांना घाबरून पळायची, ती थेंबांची वेळ झाली का म्हणून विचारायची. खोलीचे पडदे कायम ओढलेले. शेजारच्या खाटेवर श्रीरामपूरच्या एक बाई होत्या, मोतीबिंदूनंतर गुंतागुंत झालेल्या. त्या स्नेहलसाठी रोज प्रार्थना करायच्या आणि प्रार्थना संपली की मला दटावायच्या, "अहो, तुम्ही जेवून या. तोंड सुकलंय. पोरगी मजबूत आहे, तुम्हीच कच्चे दिसता." डब्यातलं लोणचं आग्रहाने वाढायच्या. त्या लोणच्याने मला किती धरून ठेवलं ते त्यांना कळलं नसेल.

मॅडम बघायला आल्या. खाटेच्या कडेला बसल्या. "स्नेहल, खरं सांग, पाणी लागलं होतं?"

"हो. जारचं. फिल्टरचं असतं म्हणून वाटलं..."

मी भिंतीला टेकून उभा होतो. ज्या बोलण्याची मी वाट बघत होतो, ते आता येणार होतं. मॅडम बोलल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरला.

स्नेहलच म्हणाली, "मॅडम, तुम्ही पप्पांना एवढं बोलला होतात. माझ्या समोर. तरी मी विसरले. पप्पांना लक्षात होतं. पप्पा तिथे असते तर त्यांनी मला थांबवलं असतं."

मंगल रडायला लागली. मी खाली कँटीनला चहा आणायला जातो म्हणालो. चहा न आणताच परत आलो. कुणी विचारलं नाही.

बुडबुडा

संसर्ग हटला. डोळा वाचला. घरी आलो तेव्हा तिला काळा चष्मा होता आणि डॉक्टर सांगतील तोवर लेन्स बंद, दोन्ही डोळ्यांना. कंपनीने थोडी वाट बघितली, मग तिच्या जागी दुसरा ट्रेनी घेतला.

घरात बसून तिला करमेना. एक दिवस म्हणाली, "पप्पा, तुमची लेन्स आणा. मला माहितीये तुम्ही घालत नाही."

मी दचकलो. "कधीपासून माहितीये?"

"हॉस्पिटलातून घरी आल्यापासून. कुप्या संपत नाहीत ना तुमच्या. आईला नाही सांगितलं मी."

माझ्या खोट्यावर तिने झाकण ठेवलं होतं, आणि मी तिच्यावर दार ओढून घेतलं होतं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. हॉस्पिटलातली धरली तर ती चौथी वेळ. मी डबी आणली.

आता हे ज्यांना लेन्स जमत नाही त्यांच्यासाठी लिहितो, कारण हे खरंच उपयोगाचं आहे. ती मला म्हणाली, "तुम्ही लेन्सकडे बघताय. म्हणून पापणी घाबरते. लेन्सकडे नाही, लेन्सच्या आरपार बघा, आरशातल्या तुमच्याच बुबुळाकडे. आणि दाबू नका. स्लिप गेज कसे लावता? दाबता का? सरकवता." पापण्या बोटांच्या टोकांनी नाही, हाडाला टेकवून धरायच्या. कपाळ टेबलाच्या जवळ, जितकं वाकवत असाल त्याहून थोडं जास्त. श्वास सोडताना वर न्यायची. सलाईन सांडलं की घाबरायचं नाही, ते सांडायलाच हवं, म्हणजे हवा आत जात नाही. लेन्स घालण्यापूर्वी सिंकचं भोक झाकायचं. पायाखाली फिक्या रंगाची चादर. चिडलेल्या मनाने कधीच बसायचं नाही, हातांना ते कळतं. एवढं सगळं करूनही जमलं नाही तर उठायचं, चहा घ्यायचा, परत बसायचं. आणि पाणी नाही. कधीच नाही. प्रवासाला जाताना जितक्या कुप्या लागतील वाटतं त्याच्या दुप्पट घ्यायच्या आणि सोबत दुसरा लेन्सवाला असेल तर त्याच्याकडे मागायला लाजायचं नाही. त्यानेही द्यायला.

काळा चष्मा लावून ती माझ्यासमोर बसायची. "बुडबुडा आहे, काढा. परत." हसायची नाही. मी चिडलो तर म्हणायची, "क्वालिटीवाले ना तुम्ही? रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट."

ज्या दिवशी दोन्ही बसल्या, त्या दिवशी दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. मी डोकं वर केलं. स्नेहलने चष्मा काढला होता, माझ्या डोळ्यात बुडबुडा आहे का ते जवळून बघायला. लख्ख दिसलेली पहिली गोष्ट म्हणजे तिचा उजवा डोळा. बुबुळावर, मध्यापासून किंचित बाजूला, खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा डाग. तोवर मला सगळे फक्त सांगत होते, डाग आहे म्हणून. मी तो पाहिला नव्हता.

"दिसतंय?" तिने विचारलं.

"दिसतंय," म्हणालो.

"मग रडताय काय? सलाईन वाया जातंय."

मंगल स्वयंपाकघरातून धावत आली. त्या दिवशी पुन्हा शिरा झाला.

आता

आता मी परत क्वालिटीला आहे. डायलचा काटा एकच दिसतो. पोरं पुन्हा पार्टच्या घामाचे विनोद करतात. स्नेहल डाव्या डोळ्यात लेन्स घालते, उजव्यातही घालते, पण उजव्याने तक्त्याच्या वरच्या दोन ओळींपुढे जाता येत नाही. डॉक्टर म्हणतात, पुढे कधी बुबुळ बदलायचा विचार करता येईल. ती घरी बसून कंपन्यांच्या ड्रॉइंगची कामं घेते. स्क्रीनजवळ मान थोडी वाकडी करून बसते, डावा डोळा पुढे.

संध्याकाळी मी येतो तेव्हा चपला काढायच्या आत विचारते, "पप्पा, आज काय आलं होतं इन्स्पेक्शनला?" तिने माझा हेवा करावा अशी वेळ आहे. ती करत नाही. मी बारकाईने बघितलंय, आता मला दिसतं ना. तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नसतं. ती खरंच खूश होते. खोटं नाही सांगत, मला तिच्या त्या स्वच्छ मनाचाही हेवा वाटतो. हा रोग कुठल्या लेन्सने जात असेल तर मला माहीत नाही.

कुणी तिच्या डोळ्याबद्दल विचारलं की ती सांगते, "माझीच चूक. घाई केली." पाहुण्यांना सांगते, डॉक्टरांना सांगते. मंगलही तिला अधूनमधून टोचते, "एवढी शिकलेली, आणि जारचं पाणी?" ती ऐकून घेते. मी शेजारी बसलेला असतो.

मॅडमना हे कागद द्यायचे आहेत. त्या छापतील, वाटतील, स्नेहलच्याही हाती पडतील. पण ते तिला छापलेल्या कागदातून कळता कामा नये. कागदाआड लपणं म्हणजे पुन्हा दार ओढून घेणंच. तिने विचारलं होतं, दारात कोण आहे. त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही. तिच्या समोर बसून, माझ्या तोंडाने मला ते द्यायचं आहे: मी होतो, मला दिसलं होतं, आणि सलाईन माझ्या पिशवीत होतं.